कंदांची डोकी

तलासरीजवळच्या कॉलेजात योगिताला सगळे मॅडम म्हणत, पण तिची नोकरी दर जूनला नव्याने उगवायची. पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणुकीची ऑर्डर, मग तासावर पगार. कासाजवळच्या एका पाड्यावरची ती. भात आणि नागली पिकवणाऱ्या त्या घरात वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच.

२०१७ साली तिने तृतीय वर्षाच्या आठ मुलांना प्रकल्प दिला, रानातले खायचे कंद. पावसाळ्यात मुलांनी वेलांचे फोटो काढले. थंडीत वेल सुकल्यावर आपापल्या पाड्याच्या रानात जाऊन कंद खणले, धुतले आणि फॉर्मलिनच्या बरण्यांत ठेवले. योगिताने एकेक बरणी उजेडाला धरून तपासली. तिला कुठेच काही कमी दिसलं नाही.

जे कमी होतं ते प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख प्रविण सरांना दिसलं.

"मॅडम, ह्यांची डोकी कुठायत?"

"कोणाची, सर?"

"कंदांची! वेल जिथून फुटतो तो भागच नाही. एकालाही नाही. उद्या बाहेरच्या परीक्षक येणार, त्यांना काय बाजारची भाजी दाखवू?"

योगिताने बरण्यांकडे पाहिलं. खरंच डोकी नव्हती. लहानपणी ती आईबरोबर, म्हणजे सोनीबाईबरोबर, रानात जायची. कंद निघाला की सोनीबाई वरचं बोटभर डोकं मोडायची, त्याच खड्ड्यात परत ठेवायची, माती लोटून टाचेनं दाबायची. पुढच्या वर्षीचा वेल तिथूनच यायचा. हे कोणी कोणाला शिकवत नाही. हात आपोआप करतात. आठही मुलांच्या हातांनी तेच केलं होतं. आणि योगिताच्या डोळ्यांना बिनडोक्याचा कंद पूर्ण वाटला होता. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण ते डोळे अजून सोनीबाईचेच होते.

प्रविण सरांनी कपाट उघडलं. आत जुन्या बरण्या होत्या, कधीतरी पुरवठादाराकडून विकत घेतलेल्या. त्यांतले कंद डोक्यासकट होते.

"लेबलं काढा, मुलांच्या नावाची लावा. सुटलो."

"सर, हे ह्यांनी खणलेले नाहीत."

"मग करा नापास. प्रकल्पाचे मार्क गेले तर दोघंतिघं घरी बसतील, लग्नं होतील, संपलं. आणि जूनमध्ये तुमच्या ऑर्डरचा विषय निघाला की मी कुठल्या तोंडानं बोलू?"

प्रविण सर वाईट नव्हते. मुलं पास व्हावीत हेच त्यांना हवं होतं, म्हणून त्यांना नाही म्हणणं जड होतं.

तिने मुलांना बोलावून सगळं सांगितलं, कपाटातल्या बरण्यांसकट. लक्ष्या लगेच उठला.

"मॅडम, खड्डे माहीत हायत. बाइक काढतो, आत्ता डोकी घेऊन येतो."

"आण ना," संगीता म्हणाली. "आणि त्या खड्ड्यात तुझं डोकं पुर. नायतरी वापरात नाय."

सगळे हसले. मग संगीता हळू आवाजात म्हणाली, "पुरलेलं उकरलं तर आय मला घरात घेणार नाय, मॅडम. आणि कपाटातलं नको. कुठनं खणलं विचारलं तर काय सांगू?"

योगिताने पेन पुढे केलं. प्रत्येक लेबलावर, नावाच्या खाली, तिने मुलांकडून एक ओळ लिहून घेतली: डोकं जागेवर पुरलं. सरांनी कपाट मात्र उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आल्या. पन्नाशीच्या, कोरड्या आवाजाच्या बाई. पहिलीच बरणी उचलली आणि नखानं लेबलाची कड उचकटली. खाली दुसरं लेबल नव्हतं, नुसती काच होती. प्रविण सरांनी रुमाल काढून मान पुसली.

"जागेवर पुरलं म्हणजे?"

लक्ष्याने सांगितलं.

"ठीक. मग ओळख कशावरून पटवणार?"

संगीताने मोबाइलवरचे फोटो दाखवले. बाईंनी ते बोटांनी मोठे करून पाहिले. "हा वेल कोणत्या बाजूला वळतो? आणि हा दुसरा?" संगीताने हवेत बोट फिरवून दाखवलं. बाईंनी आठही जणांना आळीपाळीने पिळून काढलं. योगिता दाराशी उभी होती. नकळत ओढणीला मारलेली गाठ तिला सुटेना.

शेवटी बाई म्हणाल्या, "नमुना अपुरा आहे. त्याचे मार्क मी कापणार, त्यात बदल नाही. बाकी काम ह्यांचं स्वतःचं आहे, त्याचे पूर्ण देते. मॅडम, पुढच्या वेळी पावसाळ्यातच पानं दाबून ठेवा, म्हणजे कंद मोडला तरी अडणार नाही."

योगिताने मान डोलावली. आठही जण पास झाले होते.

बाईंची गाडी गेल्यावर प्रविण सर खुर्चीत धपकन बसले. "त्यांनी लेबल उचकटलं तेव्हा माझं काय झालं, सांगू?"

"नको सर, दिसत होतं."

"चहा मागवा हो कोणीतरी," सर ओरडले आणि हसायला लागले. जूनचं काहीच ठरलं नव्हतं. पण त्या दुपारी सरांनी कपाटातल्या बरण्या स्वतःच्या हातांनी मागच्या फळीवर सरकवल्या आणि त्यांच्यावर 'विकत घेतलेल्या' अशी चिठ्ठी लावली.

संध्याकाळी घरी जाताना योगिता जीपमध्ये मागच्या बाकावर, दोन बायांच्या मधे अंग चोरून बसली. चारोटी येईपर्यंत झोपेनं तिची मान शेजारच्या बाईच्या खांद्यावर पडली होती. त्या बाईने खांदा हलवला नाही. ड्रायव्हरची हाक आली तेव्हा बाहेर डोंगर सुरू झाला होता.

"ओ मॅडम, कासा कधीच गेलं! उतरायचं नव्हतं का?"

"उतरते," ती म्हणाली, आणि घराकडे उलट वाटेने रमतगमत चालत निघाली.