आईच्या गालावरचं ऊन

आईची दृष्टी गेली, तेव्हापासून मी देवाला नमस्कार करणं सोडलं होतं. एका सकाळी आईच अंगणाच्या पायरीवर बसून, पूर्वेकडे तोंड करून हात जोडताना दिसली.

"तुला राग नाही येत त्याचा?" मी विचारलं.

"आला होता ना. महिनाभर मीही हात जोडले नाहीत. पण गालावर ऊन रोज येतच राहिलं. त्यानं एकही दिवस खाडा केला नाही." मग तिनं विचारलं, "चंद्र आहे का गं अजून?"

"आहे, पश्चिमेला. फिकट झालाय."

"आणि चांदण्या?"

"उजेडात कशा दिसतील, आई?"

"न दिसू देत. असतातच त्या," ती हसून म्हणाली.

मी तिच्याशेजारी टेकले. कोवळं ऊन दोघींवर सारखंच पडत होतं. माझ्या रागाच्या दिवसांतही ते असंच माझ्यावर पडत आलं होतं, हे जाणवलं आणि फार निवांत वाटलं.