पडद्याची उघडझाप

गावाकडून पोटासाठी उधन्यात आलेल्या समाजाची तिथं वाडी आहे, म्हणजे लग्नकार्याचा हॉल. त्याच्या मागच्या अंगाला एक कोंदट खोली. लोटू आप्पांनी उमेदीची वर्षं त्या खोलीत बसून काढली. दिवसा यंत्रमागांच्या खात्यात खडखडाट ऐकायचा आणि कार्यक्रम असला की संध्याकाळी इथं हजर. छताला प्रोजेक्टर टांगलेला, आणि त्याच्यापासून खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरपर्यंत आप्पांनी स्वतः शिडीवर चढून ओढलेली सिरियल केबल. कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप केली की वर प्रोजेक्टर चालू, बंद, आवाज कमी, जास्त. रिमोट कुणीतरी कधीच लंपास केला होता, त्यामुळे आप्पांशिवाय वाडीतलं पान हलत नसे. काय तो रुबाब! नवरदेवसुद्धा खिडकीशी येऊन "आप्पा, आमचे फोटो लावा ना" म्हणून अजिजी करायचे.

त्यात एक आज्ञा होती, चित्र क्षणभर काळं करायची. तिची गोष्ट आप्पांनी कुणालाच सांगितली नव्हती.

प्रोजेक्टर नवा होता त्या वर्षी, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, रुसवा धरला होता. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. नैवेद्याच्या रोटांचं दळण आटोपून त्या वाडीतल्या कार्यक्रमाला उशिरा आल्या आणि बायकांच्या बाजूला तोंड फिरवून बसल्या. पुढच्या रांगेत आप्पांचे थोरले भाऊ. वडीलधाऱ्यांच्या देखत बायकोला नावानं हाक मारायची नाही, ही घरची रीत. खिडकीतून हात करावा, तर अंधारात दिसणार कुणाला? आप्पांनी भीत भीत ती आज्ञा दोनदा दिली. पडदा गेला, आला. पुन्हा गेला, आला. लोक ओरडले. सुंदराबाईंनी मात्र वळून खिडकीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसू दाबलं. रुसवा तिथंच संपला.

तेव्हापासून त्या येऊन बसल्या की पडदा दोनदा मिटायचा. आलीस, दिसलीस, एवढंच त्याचं म्हणणं. अख्खा समाज म्हणायचा, आप्पांची वायर लूज आहे.

ही लूज वायरच यंदा आप्पांच्या मुळावर आली. सेक्रेटरी भूपेंद्र तसा गुणी माणूस, आप्पांना मान देणारा. त्यानं कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. "आप्पा, दर प्रोग्रामले पडदा जास. मेकॅनिकनी देखं, फॉल्ट सापडना नई. आते नवं मशीन लेऊत, मोबाईलवर चालस. तुमले त्या खोलीमा बठानी गरजच नई."

फॉल्ट कुठं आहे ते आप्पांना पक्कं ठाऊक होतं. जीव तुटत होता, पण कमिटीसमोर सांगायचं काय? की बाबांनो, ही वायर म्हणजे माझं बायकोशी बोलणं आहे? ठराव झाला.

केबल उतरवली त्या दिवशी आप्पा तिकडं फिरकलेच नाहीत. सुंदराबाईंना सांगितलं, तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. निवडलेलीच भाजी त्या पुन्हा निवडत होत्या.

यंदाच्या कानबाईची आदली संध्याकाळ आली. आप्पा पहिल्यांदाच पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर बसले. पडद्यावर गावाकडच्या कानबाईची मिरवणूक लागली होती, चित्र कसं अगदी लख्ख. जरा वेळानं सुंदराबाई आल्या, बायकांच्या बाजूला बसल्या आणि सवयीनं पडद्याकडे बघत राहिल्या. मिरवणूक आपली चालूच. त्यांनी मागं खिडकीकडे पाहिलं, ती बंद. त्यांचा चेहरा उतरला, तो आप्पांनी इकडून पाहिला. थोरले भाऊ केव्हाच देवाघरी गेले होते. आता या हॉलात आप्पांहून मोठं उरलं होतं कोण?

आप्पा उठले आणि खात्यातल्या खडखडाटात मारायचे तशी खणखणीत हाक त्यांनी मारली, "सुंदरा!"

सगळा हॉल वळला. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. भूपेंद्रनं घाबरून मिरवणुकीचा आवाजच बंद केला. सुंदराबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण डोळे पुसत ठसक्यात म्हणाल्या, "इतला वरीसमा पह्यलींदाव हाक मारी! मालेबी नाव शे, आज समजनं का तुमले?"

आणि बायकांची बाजू सोडून त्या सरळ आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.