उरलेला एक बोंबील

गेल्या शनिवारी सकाळी भाईंदरजवळच्या डोंगरीला जाऊन बोंबील वाळत घालून आले... आयुष्यात पहिल्यांदा. हातांचा वास दोन दिवस गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तो घालवायच्या फार मागे लागले नाही.

कारण सांगते. आठ वर्षं मी सिरीयलचे डायलॉग लिहितेय. तिथे पात्राला दुःख झालं की ते सांगतं, मग का झालं ते सांगतं, आणि ब्रेकनंतर पुन्हा एकदा सांगतं... नावं ठेवत नाही हं, त्याच कामाने मला घर दिलं, ओळख दिली. पण आता पहिल्यांदाच सिनेमा मिळालाय, आणि मनात एकच भीती होती. आपल्याला आता दुसरं काही येतच नसेल तर?

गोष्ट एका कोळी घरातली. मुलगा समुद्रात गेला तो परत आला नाही. वर्षभराने सुनेने कायमचं माहेरी जायचं ठरवलंय, पण सासूला सांगायचा तिला धीर होत नाही. त्या दोघींचा शेवटचा सीन मी चांगला अडीच पानं लिहिला होता. लिहिताना स्वतःच रडले होते, म्हणजे बघा.

दिग्दर्शकाचा फोन आला. "छान आहे गं, पण हा सीन मी आधी पाहिलाय. बहुतेक तूच लिहिलेला असेल." सोमवारी निर्मात्यांसमोर वाचन होतं. तोवर जमलं नाही तर हा सीन दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ, असंही म्हणाला.

लागलं. खूप लागलं... दोन दिवस घरात सगळ्यांवर डाफरत होते.

मग पुन्हा वाचायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडकले. 'दोघी दोरीला बोंबील बांधतायत.' एवढंच लिहून मी त्यांना बोलायला लावलं होतं. सुरुवातीला मी असं लिहायचे नाही. पात्राचे हात काय करतायत हे कळल्याशिवाय त्याला तोंड उघडू द्यायचं नाही, हा माझा नियम होता. सिरीयलच्या धावपळीत तो कधी सुटला, कळलंच नाही. वीस वर्षं नवघरला राहते, आठवड्यातून दोनदा मासे खाते, आणि बोंबील वाळत कसे घालतात हे मी धड पाहिलंही नव्हतं!

आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या रोझी मावशी डोंगरीच्या. त्यांना विचारलं, येऊ का? त्या लगेच हो म्हणाल्या. शनिवारी भाईंदर वेस्टवरून बस पकडली.

मावशींना माझी ती ओळ वाचून दाखवली, तर त्या हसता हसता खालीच बसल्या. "बांधत बसलं तर म्हयना जाल गो!" मग करून दाखवलं. एका बोंबलाचं तोंड उघडायचं, दुसऱ्याचा जबडा त्यात अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची... एक इकडे, एक तिकडे. दोरी नाही, गाठ नाही. माझ्या जोड्या पटापट खाली पडत होत्या. बोंबलाला दात असतात, हे मला बोटातून रक्त आल्यावर कळलं.

तासाभराने कुठे हात बसला. टोपली रिकामी झाली आणि माझ्या हातात एकच बोंबील उरला. मी विचारलं, "मावशी, ह्याला जोडी नाही. ह्याचं काय करू?"

"एकटा ऱ्हात न्हाय काठीवर," मावशी हात धुता धुता म्हणाल्या. "आन हिकडं. त्यो कालवनात. जेवून जा."

मी तशीच उभी राहिले... बोंबील हातात, आणि डोक्यात अख्खा सीन.

जेवले, बसमध्ये बसले आणि फोनवरच लिहून काढला. अडीच पानांचं पाऊण पान झालं. दोघी न बोलता जोड्या टाकतायत. शेवटचा एक सुनेच्या हातात उरतो. ती त्याच्याकडे बघत राहते. सासू तो काढून घेते आणि एवढंच म्हणते, "त्यो कालवनात. जेवून जा." म्हातारीला सगळं कळलंय, आणि तिने जायची परवानगीही दिलीय.

सोमवारी निर्मात्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "इसमें डायलॉग कहाँ हैं?" मी म्हटलं, "सर, पहले सुन लीजिए." वाचून संपल्यावर त्यांनी पानाची मागची बाजू पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "फिर? बहू गई क्या?" दिग्दर्शक माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "हा सीन मी पाहिलेला नाही." त्या क्षणी मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. हो, अभिमान वाटला. का नाही वाटणार?

पण खरी गंमत काल झाली. मावशी गल्लीत आल्या तेव्हा मी त्यांना गेटपाशीच बसवून सीन वाचून दाखवला. मावशी ऐकता ऐकता सुरी बाजूला ठेवून बसल्या. शेवटी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "म्हातारी बरोबर बोलली. दुसरा काय बोलनार?"

मी म्हटलं, "अहो मावशी, हे तुमचंच वाक्य आहे. शनिवारी तुम्ही मला म्हणालात."

"मी? मी कदी बोलले?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. उलट मलाच म्हणाल्या, "न्हाय गो, ती म्हातारी बोलली."

मी वाद घातला नाही. माझी म्हातारी मावशींना खरी वाटली, आणि मावशी स्वतः काय बोलून गेल्या ते त्यांच्या लक्षातही नाही. कोणीतरी ते ऐकून ठेवायला हवं ना... एवढ्यासाठीच लिहिते मी.