लेकुरवाळ्या सोडून

किनसाकूच्या घराण्यात एक दंडक होता: पिल्लांवाली अस्वलीण दिसली तर डोंगरात तिचं नाव काढायचं नाही. दर वसंतात, जपानमधल्या आकिताच्या डोंगरांवर बर्फ असताना आणि झाडं उघडीबोडकी असताना, तो दुर्बीण घेऊन समोरच्या धारेवर बसे आणि वनखात्यासाठी अस्वलं मोजे. लेकुरवाळ्या सोडून. जुने मोजणीप्रमुख किनसाकूच्याच गावचे, दंडक जाणणारे. खाली उतरून चहा पिताना ते हळूच विचारत, "आणि लेकुरवाळ्या?" मग किनसाकू सांगे.

ते वारले. त्यांच्या जागी शहरातून ओयामा आला. माणूस भला, पण त्याने विचारलं नाही. त्याला ठाऊक असेल, असं किनसाकू धरून चालला; शिवाय विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा त्याचा जन्माचा हट्ट. आकडा एकदम खाली आला आणि खालीच राहिला. अस्वलं घटली, असं खात्याने ठरवलं आणि नदीकाठच्या बांबूच्या रानातली गस्त बंद केली.

त्या रानातले कोंब खुडून विकण्यावर तोमिएचं, म्हणजे त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या बायकोचं, घर चाले.

"भाऊजी, खरंच कमी झालीत का हो? एकटी जाऊ ना?"

"तुमची बडबड ऐकून उरलीसुरलीही पळतील, वहिनी."

"म्हणजे जाऊ!" ती हसली.

त्याच काठाला या वसंतात त्याने पिल्लांवाल्या पाहिल्या होत्या. शब्द अगदी ओठांवर आला. पण वहिनीचं अंगण डोंगराला लागून. इथे बोलणं म्हणजे डोंगरात बोलणंच, अशी त्याने मनाची समजूत घातली. आता या समजुतीला काय म्हणावं! दोन पावलं मागे रस्ता होता, तिथे नेऊन सांगता आलं असतं.

"कमरेला घंटा बांधा," एवढंच तो म्हणाला.

तिने बांधली होती. वहिनीचा देह सापडला तेव्हाही घंटा कमरेलाच होती. भोवतीच्या चिखलात मोठ्या पंज्यांजवळ इवलेसे पंजे उमटले होते.

तोमिएची मुलगी चिकाको सेंदाईहून आली. अस्थी घरात आणल्यावर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"काका, अस्वलं कमी झालीत असं तुम्हीच मोजलंत ना?"

"पिल्लांवाल्या धरल्या नव्हत्या." त्याने मान वर केली नाही. "डोंगरात त्यांचं नाव काढत नाहीत, पोरी."



"सांगायला आई तर घरातच होती, काका."