मधलं नाव

त्या दिवशी आमच्या छपरीत मी व्हते, माझी धाकली सून व्हती, गटातल्या शेजारच्या दोघी जावा व्हत्या, अन् खांबाला टेकून माझे थोरले दीर बसले व्हते. बाकी कोनी न्हाई.

आमचा बायांचा गट हळद करतो. शिजवायची, वाळवायची, दळायची, पुड्या भरायच्या. मालक गेल्यावर म्या दुसऱ्याच्या वावरात हळद खांदली, कढईपाशी हात भाजून घेतले, पन कोनापुढं हात पसरला न्हाई. म्हनून बायांनी मलाच अध्यक्ष केलं. इंटरनेटवर गटाच्या नावाची जागा घेतली, सून तिला डोमेन म्हनती, तीबी माझ्याच नावावर.

शहरातल्या एका व्यापाऱ्यानं मेलवर भाव मागितला. सुनेनं पाठवला. त्याचा फोन आला, "बाई, तुमचा मेल कचऱ्यात जाऊन पडला. कम्प्युटर म्हनतो हे लबाड लोक हायेत. उद्यापर्यंत नीट आला तर बगतो, न्हाई तर माल दुसरीकडून घेतो."

लबाड. उभ्या जन्मात मला कोनी असं म्हनलं नव्हतं.

सून म्हनाली, "आत्या, डोमेनचं एक रेकॉर्ड टाकायचं राहिलं. आपल्याला आलेला मेल कुठं उतरवायचा, ते टाकलेलं हाये. पन आपल्या नावानं मेल धाडायचा हक कोनाला, ते टाकलंच न्हाई. समोरच्याला वाटतं दुसरंच कोनी आपलं नाव लावून धाडून राहिलं."

"मग टाक की, बसली काहून?"

"पासवर्ड न्हाई. ज्यानं लावून दिलं तो पुण्याला गेला, फोन उचलत न्हाई. आता डोमेनच्या कंपनीशी तुमालाच बोलावं लागंल."

रेंज छपरीतच येती. सुनेनं फोन मोठ्या आवाजावर लावून पाटावर ठेवला. तिकडून एक पोरगी गोड बोलली, "आजी, आधारवर आहे तसं पूर्ण नाव सांगा."

म्या माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"आणि मधलं?"

मधलं नाव मालकाचं. लग्नापासून ते म्या तोंडानं घेतलं न्हाई. उखान्यात घेतलं असंल, तेबी बायांत. मालक गेल्यावर उखानाबी संपला. अन् समोर दीर बसलेले.

"मालकाचंच हाये ते," म्या म्हनलं.

"हो आजी, पण काय?"

सून मधी पडली, "मॅडम, मी सांगते."

"नाही ताई, डोमेन ज्यांच्या नावावर त्यांनीच सांगायचं."

शेजारच्या जावांतली थोरली हळूच म्हनाली, "घाल की उखाना, मावशी! मॅडमबी ऐकंल." धाकली पदरात तोंड घालून हसली. माझी मान वर व्हईना.

दिरांनी घसा खाकरला. "घे बाई. गटाचं काम हाये," म्हनले, अन् भिताडाकडं तोंड केलं. त्यांनी रागवलं असतं तर बरं झालं असतं.

म्या नाव घेतलं.

"आजी, आवाज येत नाही. जरा जोरात."

मग जोरात घेतलं. रस्त्यानं शेळ्या घेऊन चाललेला मानूस थांबून छपरीकडं पाहू लागला.

"बरोबर आहे आजी, धन्यवाद," पोरगी म्हनली.

पासवर्ड नवा झाला. सुनेनं रेकॉर्डाची ती राहिलेली ओळ टाकली. म्हनली, "आत्या, हे सगळीकडं पसराया वखत लागतो." मालकाचं नाव तर तवर गल्लीत पोचलंबी व्हतं. सांजच्याला फोटोपुढं दिवा लावला, पन फोटोकडं पाहू वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मेल बराबर पोचला. व्यापाऱ्यानं हळद घेतली. बाया खूश झाल्या. दीर समोर आले की मी अजूनबी पदर वढून बाजूनं जाते.

पन आधी धाडलेले आमचे मेल अजून कोनाकोनाच्या कचऱ्यात पडून असतील. तुमच्याकडं हळदीच्या गटाचा असा मेल दिसला तर तेवढा बाहेर काढा, अन् वाचा.