मास्तरांचे दोनशे चाळीस सूर

मास्तरांनी आयुष्यात कोणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि त्याचा फायदा घेतला नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. एकेचाळीस वर्षं ते नाटकाच्या थिएटरात, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून क्लॅरिनेट वाजवत होते. "मास्तर, जरा हळू." "मास्तर, बाईंचा घसा बसलाय, दोन सूर खाली घ्या." "मास्तर, आज ढोलवाला नाही, तेवढा पायानं ठेका धरा." मास्तर आपले हो म्हणायचे. प्रेक्षकांना त्यांचं फक्त टक्कल दिसायचं. पण खड्ड्यातली डावीकडची खुर्ची त्यांची होती, आणि तिच्यावर दुसरं कोणी टेकलेलं त्यांना खपत नसे. माणसाचं म्हणून एवढं तरी असावं की नाही?

जावई म्हणजे दशमग्रह, असं जुनी माणसं उगाच नाही म्हणत. मास्तरांचा ग्रह दिसायला गरीब, चष्मेवाला, बोलायला लोण्यासारखा मऊ. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी आणि उरलेल्या वेळात घरच्या कॉम्प्युटरवर संगीत. एका रविवारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुमची क्लॅरिनेट कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवू या. आठवण राहील."

आठवण! जिवंत माणसाची कसली आठवण ठेवता, असं मास्तरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

मग लेकीच्या घरी, कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत, चारी बाजूंनी गोधड्या टांगून मास्तरांना मध्ये बसवलं. पंखा बंद, फ्रीज बंद, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून ते बाहेर. नाकासमोर मायक्रोफोन. आणि काय वाजवायचं? गाणं नाही, चाल नाही. एकेक सूर, सुटा. सगळ्यात खालच्यापासून सुरुवात करून चाळीस सूर. प्रत्येक हळू, मध्यम आणि जोरात. वर प्रत्येक एकदा लांबवून, एकदा तोडून. म्हणजे झाले दोनशे चाळीस. एक संपला की आवाज पार विरेपर्यंत पुतळ्यासारखं बसायचं, खुर्ची करकरली तर पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, तुम्ही सूर वळवताय. साधा द्या, नुसता."

"नुसता सूर कधी असतो का, जावईबापू? याच्या पुढं कोण येणार ते सांगा, मग मी याला कसा सोडायचा ते ठरवतो."

"पुढचं मी बघतो ना."

ज्याला आयुष्यात शिट्टी धड वाजवता आली नाही, तो पुढचं बघणार होता! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? त्यांनी पासपोर्टच्या फोटोला बसावं तसा एकेक सूर सरळ मान करून दिला. दोन रविवार गेले. खालचा ओठ आतून सोलवटला. जावयानं प्रत्येक सुराला नंबर दिला, लेकीनं सरबत दिलं, आणि मास्तर घरी आले.

पावसाळा संपला की थिएटरात नव्या नाटकाच्या तालमी लागतात. मास्तरांनी क्लॅरिनेटचे सांधे पुसले, तोंडाशी नवी पात बसवली आणि निरोपाची वाट बघत बसले. निरोप आला नाही. आला तो ढोलवाल्याचा फोन.

"मास्तर, बरं नाही का? सोमवारपासून तालमी चालू आहेत. तुमचा पत्ता नाही."

मास्तर तसेच चपला घालून निघाले. थिएटरच्या जिन्यातच त्यांना क्लॅरिनेट ऐकू आली. म्हणजे खुर्चीवर दुसरा बसवला तर! एकेचाळीस वर्षांत आजारपण नाही, उशीर नाही, आणि साधा निरोप द्यायची कोणाला लाज वाटली नाही. कोण तो, बघतोच, म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत ते आत घुसले आणि खड्ड्याच्या कठड्याशी थबकले. खुर्ची रिकामी होती. आवाज स्पीकरमधून येत होता. खालच्या सुराच्या आधी एक बारीकशी खरखर होती, समोरचा दात अर्धा तुटल्यापासून त्यांच्या वाजवण्यात आलेली. जगात ती दुसऱ्या कोणाची असणं शक्य नव्हतं. ते जे ऐकत होते ते त्यांनी कधी वाजवलं नव्हतं, आणि वाजवत मात्र तेच होते.

दिग्दर्शिका बाई लगबगीनं आल्या. "या मास्तर! आता तुम्ही घरी आराम करायचा. सूर आहेत आमच्याकडे."

बाईंच्या मागं, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, जावई बसला होता. या नाटकाचं संगीत त्याचं होतं. सासऱ्याच्या चाळीस वर्षांच्या ओळखीवर त्यानं ते काम मिळवलं होतं, आणि सासऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता.

"सरप्राइज द्यायचं होतं, बाबा," तो म्हणाला. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही सत्कारच केला. "प्रयोगाच्या पत्रिकेत तुमचं नाव टाकलंय, ठळक. तुम्हीच वाजवताय की! परवा तुमचा हात थरथरताना बघितला मी. आता त्रास नाही, जागरण नाही."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अरे, नाही म्हणता यावं म्हणूनच विचारतात!"

लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मास्तरांनी जावयाला कधी 'अरे' केलं नव्हतं. जावयाचा चष्मा घसरला. हात थरथरतो हे खरं होतं, आणि तेच मास्तरांना जास्त झोंबलं. थरथरणारा हात त्यांचा होता. कधी थांबायचं ते त्यांनी ठरवलं असतं.

"मग आता विचारतो," जावई हळूच म्हणाला. "वापरू का?"

"नाही."

"पुसून टाकीन. पण बाबा, मग बाजारात तयार मिळणारे क्लॅरिनेटचे सूर घेणार हे लोक. खुर्ची काही परत मिळायची नाही. तुमचं नाव तेवढं जाईल."

"पूस."

आणि मास्तर शेजारी बसून राहिले, पुसलेलं बघायला. दोनशे चाळीस सूर एका ओळीत निवडले गेले. पडद्यावर चौकट आली: नक्की पुसायचं का?

"बघ," मास्तर म्हणाले, "या डब्याला सुद्धा विचारायची अक्कल आहे."

घरी बायको दोन दिवस बोलली नाही. लेकीनं फोनवर रडून घेतलं. जावयाचा अपमान केला म्हणून घरादारानं मास्तरांना धारेवर धरलं. मास्तरांना खड्ड्यातून उचलून टाकलं त्याचा मात्र एकालाही संताप आला नाही. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पहिल्या प्रयोगाला मास्तर गेले. कोणी बोलावलं नव्हतं. आयुष्यात प्रथमच ते प्रेक्षकांत बसले. स्पीकरमधून ती बाजारातली क्लॅरिनेट वाजू लागली आणि त्यांनी नाक मुरडायची तयारी केली. पण वाजवणं वाईट नव्हतं. खालचे सूर भरदार होते, वरचे थोडे घाबरल्यासारखे. मध्ये एका सुराची कड किंचित वळली होती. कितीही बजावलं तरी हाडाच्या वाजवणाऱ्याला ती आवरत नाही. मास्तर खुर्चीत ताठ झाले. हाही कोणीतरी कुठल्यातरी कपाटाच्या खोलीत, गोधड्यांमध्ये कोंडून बसला होता. ह्याचा ओठही सोलवटला असणार.

मध्यंतरात त्यांनी जावयाला गाठलं. "हा कोण?"

"कोण म्हणजे? तयार मिळतो तो आवाज."

"वाजवणाऱ्याचं नाव काय?"

"नाव नसतं, बाबा. 'क्लॅरिनेट चार', एवढंच."

"त्याला विचारलं होतं का, ह्या नाटकात वाजवणार का म्हणून?"

मास्तरांनी जावयाच्या हातातली पत्रिका घेतली. क्लॅरिनेटच्या पुढं 'संगणक' छापलं होतं.

"हे खोडायचं. संगणकाला ओठ नसतात."

"मग काय लिहू?"

"जे खरं आहे ते लिही. माणसानं वाजवलंय म्हणून लिही."

चौथ्या प्रयोगाच्या पत्रिका नव्या छापल्या. जावई स्वतः एक घेऊन घरी आला आणि दारातच उभा राहिला. मास्तरांनी चष्मा लावून ती ओळ वाचली: 'क्लॅरिनेट : नाव माहीत नाही, पण माणूस होता.'

मास्तर पुन्हा भडकले. "'होता' काय? वाजवतोय अजून! 'आहे' कर."