केशरला आग्रह नको

लग्न होऊन मी दुबईला निघाले तेव्हा दारात जीप हॉर्न वाजवत होती आणि माझी आई माझ्या ताटात तिसरी भाकरी वाढत होती. "पोटभर जेव गो बाय. परक्या मुलखात आग्रह करूक कोण आसा तुका?"

तो आग्रह मी दुबईच्या फ्लॅटमध्येही सोडला नाही. दोनदा वाढल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. आणि त्याच आग्रहानं केशरला मारत होते की हो!

केशर म्हणजे माझ्या लेकीचा, सोनलचा साप. कॉर्न स्नेक, नारिंगी, बिनविषारी. ती कॉलेजला पुण्याला गेली आणि काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. फ्रीजरमध्ये दुकानातल्या गोठवलेल्या उंदरांचा डबा, वर तिची चिठ्ठी: उंदीर केशरच्या अंगाएवढाच जाड, दर शुक्रवारी, एकच.

मला वाटलं, उपाशी मारते पोरगी. त्यात आली नागपंचमी. सणाला एवढंसंच? डब्यातला सगळ्यात मोठा उंदीर कोमट पाण्यात सैल करून दिला. त्यानं कसाबसा गिळला, तर मी कौतुकानं उचलूनही घेतला. दुसऱ्या दिवशी सगळं ओकलं. दोरीसारखा पडला होता बिचारा.

हे म्हणाले, "यल्ला, चल, दुकानात परत देऊन ये. खलास."

"उद्या मी आजारी पडले तर मलाही परत देणार का?"

मग त्यांनीच सोनलला फोन लावला.

सोनल फोनवर ओरडली, "आई, ही इज नॉट अ गेस्ट! टू वीक्स नथिंग. अँड डोन्ट टच हिम!"

दोन आठवडे टाकीसमोर जेवायची मला लाज वाटायची. पंधराव्या दिवशी अंगठ्याएवढं उंदराचं पिल्लू दिलं आणि दोन दिवस झाकणाला हात लावला नाही. पोटात टिकलं. मी ढसाढसा रडले. सापासाठी! हसा खुशाल.

मागच्या सुट्टीत गावी गेले. म्हाताऱ्या आईनं तिसरी भाकरी पुढं केली. मी ताटावर हात आडवा धरला.

"परकी झालंस गो," ती म्हणाली.

झाले असेन. पण आता भूक किती ते मी ठरवते, आई. तिनं विचारलं, आणखी चार दिवस राहशील ना? माझ्या तोंडून पटकन गेलं, "नाही गं, शुक्रवारी केशरचं खाणं असतं. घरी जायला हवं."

घरी म्हणाले मी. आईच्या स्वयंपाकघरात बसून. आणि शब्द मागे घेतला नाही.